भिंगारचा समुद्र

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो भिंगारला. नगर जिल्ह्याला समुद्र नाही हे मला ठाऊक आहे, त्यासाठी कुणी नकाशा काढायची गरज नाही. आमचा समुद्र दगडी हौदात होता आणि तो माझ्या सरांनी आडते बाजारातून टेम्पोत घालून आणलेल्या खडेमिठाचा केला होता.

आम्ही लष्करातल्या मुलकी नोकरांच्या चाळीत राहायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी इमारतींना चुना आणि रंग देणारे रंगारी. चाळीच्या मागं घोड्यांना पाणी पाजायचे दोन जुने हौद होते. घोडे केव्हाच गेले, हौद राहिले. बाया त्यात गोधड्या धुवायच्या, एरवी त्यात पाला पडायचा. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात एम. एस्सी. करत होते. चाळीतून एवढं शिकलेली मी पहिलीच, आणि ही बातमी आप्पा बसस्टॉपवर ओळख ना पाळख अशा माणसालाही द्यायचे.

सर मला दोन वर्षं शिकवत होते. बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस माझ्याशीच बोलतोय. एकदा, प्रयोगाला चालतील का म्हणून, ते आमचे हौद बघायला स्कूटरवरून आमच्याकडं आले. आमच्या बाजेवर ऐसपैस बसले आणि आईनं दिलेला पाण्याचा तांब्या घटाघटा रिकामा केला. ह्यात काय विशेष, असं ज्यांना वाटेल ते नशीबवान. आमच्या आजोबांनी छप्पन सालानंतर धर्म बदलला, घरातले देव बदलले, पण गावातल्या लोकांनी त्यांच्या हातचं पाणी प्यायला फार वेळ लावला होता. सर गेल्यावर आप्पा तो तांब्या हातात घेऊन उगाच उभे राहिले. म्हणाले, "मानूस लई मोठा हाय." त्या दिवसापासून आमच्या घरात सरांचा शब्द खाली पडला नाही.

कल्पना सरांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचली होती. कोळसा आणि तेल जाळून हवेत जो कार्बन डायऑक्साइड वायू साठतोय, तो समुद्राला प्यायला लावायचा. समुद्र तो तसाही पितो, पण पिता पिता त्याचं पाणी आंबटाकडं झुकतं आणि त्याची तहान कमी होते. त्यात चुन्यासारखं काही टाकलं तर तो आंबटपणा मरतो, पाणी हवेतून आणखी वायू ओढतं आणि तो पाण्यातच विरघळून राहतो. कागदावर सगळं झकास. मेख पुढं आहे. पाण्यानं वायू ओढला हे सिद्ध कसं करायचं? किती ओढला, चुन्यामुळं किती आणि एरवीही ओढला असता तो किती? समुद्राला काही मीटर बसवलेला नसतो. आणि चुना भाजताना भट्टीतून जो वायू निघतो, तोही वजा धरावा लागतो. सर म्हणायचे, चुना टाकणं हे गाढवाचं काम आहे, मोजणं हे माणसाचं.

म्हणून दोन हौद. दोन्हींत सारखं पाणी, सारखं मीठ. एकात आम्ही कळीचा चुना विरवून, तोलून टाकला. दुसऱ्यात काहीच नाही. दुसऱ्याला सर "साक्षीदार" म्हणायचे. पहिल्या हौदात जे काही बदलेल त्यातून साक्षीदारात बदललेलं वजा करायचं, उरेल ते चुन्याचं कर्तृत्व. मला ही पद्धत फार आवडली होती. काहीही न करता नुसतं खरं सांगणारा कुणीतरी तिथं उभा आहे, ह्याचा आधार वाटायचा.

चाळीनं आमची टिंगल करायची ती केलीच. शेजारच्या मावशी कैऱ्यांची पाटी घेऊन आल्या. "ह्यात टाकू का ग? मीठ न्हाईतरी वायाच चाललंय." कुणी विचारायचं, भरती कधी, ओहोटी कधी. मी रोज सकाळी हौदांतून बाटल्या भरायची आणि आमच्या पडवीतच मोजायला बसायची. चंबूत पाणी घ्यायचं, रंग दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकायचे आणि वरच्या नळीतून आम्ल थेंबाथेंबानं सोडायचं. चुन्याच्या हौदाचं पाणी आधी गुलाबी व्हायचं आणि आम्ल पडलं की रंग विरायचा. किती आम्ल लागलं त्यावरून पाण्यात चुना किती ते कळतं. साक्षीदाराचं पाणी मात्र औषध टाकलं तरी बिनरंगीच राहायचं. आप्पा ड्यूटीला जाता जाता थांबून बघायचे आणि रंग गेला की मान डोलवायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण लेक मान खाली घालून काहीतरी अवघड करतेय, एवढं त्यांना पुरायचं.

आकडे बेताचेच येत होते. टाकलेल्या चुन्यातला बराचसा तळाला पांढरा साका होऊन बसायचा आणि बसलेला चुना फार कामाचा नसतो. सरांनी कुठल्याशा परिषदेत आधीच मोठं मोठं सांगून ठेवलं होतं. ते विचारायचे, "मोजताना काटकसर करतेस का ग?" मी म्हणायची, "सर, आहे तेवढंच आहे." ते हसायचे आणि मीही हसायची. तेव्हा ती थट्टाच वाटली होती.

मग एक दिवस सरांनी सांगितलं की किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेतून एक बाई हौद बघायला येणार आहेत. त्यांच्याकडं एक जागा होती. जहाजावर जायचं, समुद्राचं पाणी काढायचं आणि मोजायचं. "काम पसंत पडलं तर जागा तुझी," सर म्हणाले. "शिफारस मी करतोच आहे." त्या जागेनं माझी झोप उडवली. भिंगारच्या बाहेर मी पुण्यापलीकडं गेले नव्हते. डोळे मिटले की जहाज दिसायचं, आणि गंमत म्हणजे त्याचा डेक आमच्या पडवीसारखाच असायचा. मला ती जागा हवी होती, आणि ती मला माझ्या मोजण्यावर मिळेल असा माझा विश्वास होता.

इथं लष्करी वस्तीची एक रीत सांगायला हवी. कुणी मोठा साहेब येणार असला की भिंगारात जे जे हलत नाही त्याला चुना लागतो. झाडांचे बुंधे, रस्त्याकडेचे दगड, नळाचे कट्टे, ध्वजाचा चौथरा, सगळं पांढरं आणि वरून गेरूचा पट्टा. ही नुसती हुकमाची गोष्ट नाही, ती आमच्या लोकांच्या हाडात गेलेली आहे. पाहुणा आला आणि दगड काळा दिसला, तर ती यजमानाची बेअदबी. पाहुण्या बाई पोरीचा हौद बघायला येणार हे आप्पांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. मला मात्र पत्ता लागू दिला नाही.

मी नगरहून परतले तर चाळीच्या मागं गर्दी. दोन्ही हौद बगळ्यासारखे पांढरेशुभ्र, काठावर गेरूची रेघ, एका रेषेत, आप्पांच्या हातची. ते कुंचा घेऊन उभे होते. कपाळावर, भुवयांवर चुन्याचे शिंतोडे.

"कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं. "आता येऊ दे म्हनावं बाईला."

आधी मला आनंदच झाला, हे सांगायला लाज नाही. मग मी वाकून आत पाहिलं. उन्हानं पाणी खाली गेलं होतं आणि आतल्या दगडाचा उघडा पडलेला, मिठानं पांढुरका झालेला भाग आप्पांना घाण वाटला होता. त्यांनी आतूनही चुन्याचे दोन हात दिले होते. ओघळ पाण्यात उतरले होते. कुंचाही तिथंच खळबळून धुतला होता. मी साक्षीदाराचं पाणी चंबूत घेतलं आणि औषधाचे थेंब टाकले. ते गुलाबी झालं. ज्या हौदात आम्ही चुन्याचा कणही टाकला नव्हता, तो चुना दाखवत होता.

मी एसटीडी बूथवरून सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते लगेच आले, हौदाभोवती फिरले, चंबू हातात घेऊन पाहिला. मी म्हणाले, "सर, बाईंना सगळं सांगू. दोन्ही हौद धुऊन पुन्हा सुरू करू. आधीचे आकडे तर खरे आहेत ना."

"सांगायचंच आहे," सर म्हणाले. "पण मी सांगतो. तू सांगितलंस तर पोरकट वाटेल आणि तुझीच जागा जाईल. माझ्यावर सोड."

मी सोडलं. ज्या माणसानं आमच्या तांब्यातलं पाणी प्यायलं होतं त्याच्यावर नाही सोडायचं तर कुणावर?

दुसऱ्या दिवशी उठून मागं गेले तर साक्षीदार रिकामा. तळाच्या भोकातलं लाकडी बूच, त्याला गुंडाळलेल्या फडक्यासकट, काठावर ठेवलेलं. आई म्हणाली, "सर आले हुते उजाडताच. च्या पन न्हाई घेतला." कॉलेजात गाठून विचारलं तर सर म्हणाले, "गळत होता ग. जुना दगड. मीच राहिलेलं सोडून दिलं." बुचाला कधी थेंबभर गळती नव्हती, रोज मी बघत होते. पण ते इतक्या सहज म्हणाले की मला माझाच संशय आला. आणि चुन्याच्या हौदाचं पाणी त्यांनी स्वतः मोजून घेतलं होतं. त्यांचा चेहरा खुलला होता.

बाई आल्या. साधी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, फार न बोलणाऱ्या. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि रजा टाकली होती. आईनं पोहे केले होते. सर हौदापाशी उभे राहून बोलू लागले आणि मी वाट बघत राहिले, आता सांगतील, आता सांगतील. ते म्हणाले, गेल्या काही दिवसांत पाण्यानं अचानक झेप घेतली आहे, आमच्या अंदाजाच्या कितीतरी पुढं. त्यांनी नवा आकडा सांगितला. तो आकडा सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, माझे कान वाजतायत.

बाईंनी विचारलं, "चुना किती टाकला होता?" सरांनी सांगितलं. बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. "जेवढा टाकला म्हणता तेवढा सगळाच्या सगळा विरघळला असता, तरी इतका आकडा येत नाही," त्या म्हणाल्या. "पाण्यात तुमच्याशिवाय कुणाचा तरी चुना आहे." मग त्यांनी हात घालून हौदाच्या आतल्या भिंतीवर बोट ओढलं. बोट पांढरं झालं. "दुसऱ्या हौदातलं पाणी कुठाय?"

"तो हौद गळाला," सर म्हणाले. आणि मग ते बाईंच्या बोटाकडं पाहत राहिले, जणू ते आतलं पांढरं त्यांनी त्याच क्षणी पाहिलं. माझ्याकडं वळले. आवाजात राग नव्हता, दुःख होतं. तसलं नाटक मी त्यानंतर आयुष्यात पाहिलं नाही.

"अगं, हे कधी झालं?" ते म्हणाले. "तू मला सांगितलं कसं नाहीस?"

मी म्हणाले, "सर, मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही येऊन बघितलंत."

सरांनी बाईंकडं बघून हलकेच मान हलवली. "घाबरलीय बिचारी."

आणि तेवढ्यात आप्पा पुढं आले. हात जोडलेले. त्यांना चुना आणि आकडा ह्यांचं नातं कळलं नव्हतं, पण आपल्या हातून काही बिघडलं आणि त्याचा ठपका पोरीवर येतोय, एवढं कळलं होतं. "सायेब, चूक माजी हाय," ते म्हणाले. "मीच हात मारला. पोरगी घरात नव्हती. तिला न्हाई ठावं काई. तिला बोलू नका."

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ज्या माणसाला सगळं आधीपासून माहीत होतं, ज्यानं त्या चुन्याचा आकडा दोन मिनिटांपूर्वी स्वतःचा म्हणून मिरवला होता, त्यानं माझ्या बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं असं. तुम्ही प्रेमानं केलंत. मुलीनं सांगायला हवं होतं."

"बूच तुम्ही काढलंत," मी म्हणाले. "साक्षीदारात पण चुना निघाला होता म्हणून काढलंत. आई, सर आले होते की नाही पहाटे?"

आई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. "आले हुते की," ती म्हणाली.

"आलो होतो," सर म्हणाले. "गळतोय का ते बघायला."

आणि आप्पा माझ्यावर खेकसले. जन्मात पहिल्यांदा, चारचौघांत. "गप ग. सरांना उलट बोलती व्हय? एवढ्या मोठ्या मानसाला खोटं पाडती?"

बाईंनी रिकाम्या हौदाच्या तळाशी वाकून पाहिलं. आतल्या भिंतींवर आप्पांचा चुना होता, पण तळ कोरडा होता. पाणी असतं तर त्यांनी एका चंबूत कोण खरं ते सांगितलं असतं. पाणी गटारात गेलं होतं. जाताना त्या मला म्हणाल्या, "मोजमापात चुका होतात. लपवलेली चूक मात्र आमच्याकडं चालत नाही." हे त्या मला म्हणाल्या. सर शेजारी उभे होते.

जागा मला मिळाली नाही. सरांनी पुढं कॉलेजच्या आवारात सिमेंटचे नवे हौद बांधून घेतले, दुसरे विद्यार्थी घेतले आणि प्रयोग नीटनेटका केला. तो चांगला झाला असं म्हणतात, आणि झालाही असेल, माणसाला काम येत होतं. मी पाणी तपासायच्या नोकरीत लागले. पाथर्डीच्या बाजूच्या विहिरींचं पाणी आलं की त्यात क्षार किती, ते पिण्याजोगं आहे का, एवढं सांगायचं. जहाज वगैरे काही नाही. आजकाल वर्तमानपत्रात येतं की कंपन्या खरोखरच समुद्रात असली द्रव्यं ओतायला निघाल्या आहेत, आणि भांडण चाललंय ते हेच, की ओढलेला वायू मोजायचा कसा आणि मोजणाऱ्यावर विश्वास ठेवायचा कसा. मोजणाऱ्याचं मला विचारा. मी वाचते आणि पेपर घडी घालून ठेवते. राग अजून आहे. लोक म्हणतात काळ गेला की राग निवतो. माझा निवला नाही आणि मी त्याला फुंकरही घातली नाही.

पण मला ज्यानं खरं मोडलं ते ह्यातलं काहीच नाही. मी आप्पांना घरी कितीदा समजावलं. फोन, चंबू, बूच, सगळं एकेक करून. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सर कशाला खोटं बोलतील? त्यांना काय कमी हाय?" माझ्यापेक्षा त्यांना सर खरे वाटले. लेकीचं जहाज आपल्या कुंच्यानं बुडवलं, हे त्यांच्या मनात घट्ट बसलं. ते माझ्याशी बोलताना नजर खाली ठेवू लागले. घरातल्या भिंती काळ्या पडल्या तरी त्यांनी चुन्याचं नाव काढलं नाही, शेवटी मी बाहेरचा माणूस बोलावला.

काही वर्षांनी सरांना कुठलातरी मान मिळाला. आप्पा तेव्हा रिटायर झालेले. त्यांनी मला न सांगता पेढ्यांचा पुडा घेतला आणि एसटीनं नगरला सरांच्या बंगल्यावर गेले. तिन्हीसांजेला परत आले तेव्हा पायरीवरच थांबले, चपला काढल्या आणि कितीतरी वर्षांनी माझ्याकडं सरळ बघितलं. चेहऱ्यावरचं ओझं गेलं होतं.

"सरांनी आत बोलवलं," ते म्हणाले. "च्या दिला. म्हनले, झालं गेलं विसरा. माफ केलं बग त्यांनी आपल्याला."

ते इतके सुखात होते की मी आत जाऊन त्यांचं ताट वाढलं.